लघुउपग्रह आणि आपला विद्यार्थी-सहाय्य निधी

(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आकाशाविषयी बोलावयास उभा राहिलेला मनुष्य प्रथम पैशांविषयीच बोलू लागला, तर आपणांस नवल वाटेल. पण आमचा नाइलाज आहे. ज्या लघुउपग्रहांची हकिगत आज सांगावयाची, तिचा आरंभ आपल्या निधीच्या समितीच्या बैठकीत झाला, आणि तो आम्हांस भूषणावह नाही.

गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एका कन्येचा अर्ज समितीपुढे आला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. पुण्यास लघुउपग्रहांच्या तंत्रविद्येवर परिषद भरावयाची होती, तीत तिचा निबंध स्वीकारला गेला होता, आणि जाण्यायेण्याचा व दोन रात्रींच्या मुक्कामाचा खर्च तिने मागितला होता. नियमावली आम्हीच उघडली. निधी 'शुल्क व पुस्तके' यांकरिता आहे, प्रवासाकरिता नाही. सबब अर्ज नामंजूर. साऱ्यास पाच मिनिटेही लागली नसतील. मुलीने उपग्रह करून पुढे करावयाचे काय, असे एका सभासदाने विचारले, तेव्हा आम्हीही हसलो. तिच्या वडिलांनी उसनवार करून पैसे उभे केले. त्यांस रजा मिळेना, म्हणून "काका, सोबत याल का?" असे तिने आम्हांसच विचारले. अर्ज कोणी नामंजूर केला हे तिला ठाऊक होते की नाही, ते आम्ही आजवर विचारलेले नाही.

लघुउपग्रह म्हणजे काय, याची आमची कल्पना त्या दिवसापर्यंत अगदीच धूसर होती. १९५७ मध्ये रशियाने सोडलेला पहिला स्पुटनिक सुमारे ८४ किलोंचा होता. आपला आर्यभट, १९७५ चा, ३६० किलोंचा. पुढे १९८० मध्ये आपल्याच अग्निबाणाने आपल्याच भूमीवरून रोहिणी वर नेली, ती ३५ किलोंची. म्हणजे लघुत्व आपल्याकडे गरजेपोटी आधीच आले होते. परंतु १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्डी प्विग-स्वारी व बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी एक माप ठरविले: दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच असा ठोकळा, वजन सुमारे एक किलो. माप एकच असल्यामुळे असे ठोकळे एकाच प्रकारच्या पेटीत बसवून कोणत्याही अग्निबाणातील उरलेल्या जागेत पाठविता येतात. हेतू शुद्ध शिक्षकाचा होता. विद्यार्थ्याने शिकत असतानाच उपग्रह स्वतःच्या हातांनी घडवावा, एवढाच.

आपल्या महाराष्ट्रात हे घडून चुकले आहे. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह घडविला, आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून तो इतर एकोणीस उपग्रहांसमवेत वर गेला. त्यांतला मुख्य उपग्रह सातशे किलोंहून अधिक वजनाचा होता. हत्तीच्या पाठीवरून मुंगीने यात्रा करावी तसा हा प्रकार. स्वयम्‌ला आपले तोंड योग्य दिशेस ठेवण्याकरिता विजेवर चालणारे कसलेही यंत्र नव्हते. आत लोहचुंबक बसविलेले होते, आणि होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वास अनुसरते, तसा तो अनुसरत होता. एका विद्यार्थ्यांच्या पिढीने आरंभ करावा, तिने पदवी घेऊन जावे, आणि दुसरीने ते काम हाती घ्यावे, अशी कित्येक वर्षे गेली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉनांची मोजदाद हे त्याचे काम होते.

आता परिषदेकडे वळू. पहिल्या दिवसाची भाषणे आम्हांस फारशी उमगली नाहीत, हे कबूल करितो. भोजन मात्र उत्तम होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या कन्येचा निबंध होता. विषय ऐकाल तर हसाल, आम्ही हसलो तसे. विषय होता दोरा तुटण्याचा.

दहा सेंटिमीटरांच्या ठोकळ्यात संदेश पाठविणारी लांब तार मावणार कशी? म्हणून पुष्कळ ठिकाणी शिंप्याची नव्हे, सुताराची पोलादी मापपट्टी वापरतात. ती गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधावयाची. उपग्रह पेटीतून सुटला, की एका बारीक तारेतून वीज सोडावयाची. तार तापते, दोरा वितळतो, आणि पट्टी स्वतःच्या ताठरपणाने सरळ होते. दोरा तुटला नाही, तर वर्षांची मेहनत मुकी होऊन पृथ्वीभोवती फिरत राहते. या मुलीने जुन्या मोंढ्यातील दुकानातून मापपट्टी आणून, घरच्या शीतकपाटात गारठवून, किती विजेने किती क्षणांत दोरा तुटतो याच्या नोंदी केल्या होत्या. तिच्या आईने शीतकपाटातील दूधदुभते त्या काळात शेजारी ठेविले होते, हे आम्हांस बसमध्ये कळले.

निबंध संपताच मागील रांगेतून एका वयस्क शास्त्रज्ञांनी विचारले, "निर्वातात चाचणी केली काय?" सभागृह शांत झाले. मुलगी म्हणाली, "नाही, सर. आमच्याकडे साधन नाही. पण निर्वातात हवा नसल्यामुळे तारेची उष्णता बाहेर जाणार नाही, ती इथल्यापेक्षा अधिक तापेल, आणि दोऱ्याआधी तारच वितळेल, अशी मला भीती आहे. माझे आकडे तिथे लागू पडणार नाहीत." आपल्या निबंधातील उणीव आपणच असे उघड सांगणारा मनुष्य समितीच्या बैठकांत आम्ही क्वचितच पाहिला आहे. ते शास्त्रज्ञ चहाच्या वेळी तिच्याकडे आले, आणि आपल्या प्रयोगशाळेतील निर्वातपात्र उन्हाळ्यात एक आठवडा वापरण्याची मुभा त्यांनी तिला दिली. परतीच्या बसमध्ये नगर येईपर्यंत ती वहीत आकडेमोड करीत होती. आम्ही मात्र नियमावलीचा विचार करीत होतो.

आपणांपैकी अनेकजण कन्नडचा घाट उतरून पाटणादेवीस गेले असतील. तेथील मंदिरात १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याची ती नोंद होय. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि त्यात मठाच्या खर्चासाठी बाजारातील देवघेवीवर व तेलाच्या घाण्यांवर लावून दिलेली दाने लिहिली आहेत. सिद्धान्तशिरोमणि शिकणाऱ्यांच्या दिव्यास तेल घाण्यावाल्याने पुरवावे, यात त्या काळच्या मंडळींस काही विशेष वाटले नसावे. १९७९ मध्ये भारताने उपग्रहास 'भास्कर' हे नाव दिले, तेव्हा आम्ही सर्वांनी अभिमान बाळगला; अभिमानास खर्च येत नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांनी 'शुल्क व पुस्तके' हे शब्द लिहिले, तेव्हा शिक्षण वर्गात व पुस्तकात होते. त्यांचा दोष नाही. आज ज्या विद्येस हात लावून शिकावे लागते, तिची साधने मोजक्या ठिकाणी आहेत, आणि तेथवर पोहोचण्यास एस.टी.चे भाडे लागते. प्रत्येक सहलीस पैसे द्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. निबंध स्वीकारल्याचे किंवा प्रयोगशाळेने बोलाविल्याचे पत्र असेल तरच द्यावेत. निधी आटेल, अशी शंका खजिनदारांनी काढली आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी वर्षाकाठी दोनच अर्ज मंजूर करावेत, अशी मर्यादा आम्ही सूचनेतच घातली आहे.

सूचना लिहून चिटणिसांकडे दिली आहे. अनुमोदक हवा आहे. मुलीस मे महिन्यात प्रयोगशाळेत जावयाचे आहे, आणि समितीची पुढील बैठक जूनमध्ये. म्हणून हा विषय आम्ही आज येथेच काढला.