माशांची वाट आणि माणसांचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ओढ्यात मासे किती उरले, हा प्रश्न निसर्गप्रेमींच्या हौसेचा समजला जातो. वस्तुतः तो मालकीचा, उपजीविकेचा आणि सत्तेचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१८५४-५५ मध्ये तेथील आदिवासी जमातींशी करार करून सरकारने त्यांची बहुतेक जमीन घेतली. परंपरागत ठिकाणी इतर नागरिकांच्या बरोबरीने मासेमारी करण्याचा हक्क जमातींनी राखून ठेवला. हा हक्क दीर्घकाळ कागदावरच राहिला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मासेमारीसाठी प्रथम अटक झाली. पुढे पन्नासहून अधिक वेळा झाली. साठच्या दशकात जमातींनी बंदी मोडून उघडपणे जाळी टाकली. तो सत्याग्रहच होता. अखेर १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या सॅमन माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा असल्याचा निर्णय दिला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला.

परंतु निम्म्या वाट्याला अर्थ यावा, तर आधी नदीत मासा हवा. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा ओढ्यात येतो. त्याला थंड, प्राणवायूयुक्त पाणी आणि स्वच्छ खडीचा तळ लागतो. जंगलतोडीने गाळ आला की खडीतील अंडी गुदमरतात. रस्त्याखालची मोरी अरुंद असली की पाण्याचा वेग वाढतो, खालच्या बाजूचा तळ खरवडला जातो आणि तेथे उडी पडते. ती मासा चढू शकत नाही. वरचा मैलोन्‌मैल ओढा त्याच्या दृष्टीने संपतो. रस्ता बांधणाऱ्याने नळ अरुंद टाकून पैसे वाचवले, त्याची किंमत मासेमाराने भरली. ही किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

या मोऱ्यांविरुद्ध जमाती २००१ साली न्यायालयात गेल्या. २०१३ च्या आदेशाने राज्याला २०३० पर्यंत अडलेल्या अधिवासापैकी नव्वद टक्के भाग खुला करण्यास सांगण्यात आले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि खालचा निर्णय कायम राहिला. एल्वा नदीवरील १९१३ आणि १९२७ सालची दोन धरणे तर २०११ ते २०१४ या काळात पाडण्यातच आली. त्यांना माशांसाठी वाटच ठेवलेली नव्हती. नदीवर मासेमारीबंदी पाळली गेली आणि २०२३ साली लोअर एल्वा क्लॅलम जमातीने पुन्हा मर्यादित मासेमारी केली.

या लढ्यातील सर्वांत मोलाचा भाग मोजदादीचा आहे. १९७४ च्या निर्णयानंतर जमातींनी आपला संयुक्त मत्स्य आयोग स्थापन केला आणि स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले. खडीतील घरटी मोजणे, समुद्राकडे निघालेली पिल्ले सापळ्यात धरून मोजून सोडणे, त्यांना खुणा करणे हे काम वर्षानुवर्षे चालते. आकडे एकट्या सरकारच्या हाती असते, तर वाटाही सरकारच्या मर्जीवर राहिला असता. याच मोजदादीमुळे अपुरे यशही लपत नाही: प्युजेट साउंड परिसरातील चिनूक सॅमन १९९९ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि अद्याप त्यातून बाहेर आलेला नाही. शतकभराची हानी दहा-वीस वर्षांत भरून निघत नाही.

आपल्याकडे सॅमन नाही. पण पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे कोकणात कोणाला ठाऊक नाहीत? मोरी किंवा बंधारा बांधताना त्यांच्या वाटेचा विचार कोण करतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासळीवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. या हक्काचे दावे दाखल करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहेच. त्याच्या जोडीला गावातील मासेमारांनी दर पावसाळ्यात कोणता मासा कोठवर चढला, कोठे अडला, याची वही ठेवावी. हक्काच्या लढाईत ती वही साक्षीदार ठरेल.