गिगाहर्ट्झचा आकडा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नातवंडांना लॅपटॉप घेऊन द्यायचं आपलं वय झालं. त्यामुळे भेटेल तो मला एकच विचारतो, "किती गिगाहर्ट्झचा घेऊ?" संयोजकांनी दिलेली दहा मिनिटं या एका प्रश्नावरच खर्च करतो.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. मात्र एका ठोक्यात काम किती उरकतं, ते हा आकडा सांगत नाही.

घराचा स्लॅब पडताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. मजुरांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात. रांगेत दहा माणसं असली तर प्रत्येकाला घमेलं लांबवर पोचवावं लागतं. वीस उभी केली की अंतर कमी होतं, ताल वाढतो. बघणाऱ्याला वाटतं, काय झपाटा आहे! पण मध्येच वरून हाक आली, "हा माल इथे नको," की वाटेतली वीसच्या वीस घमेली परत. प्रोसेसरचंही असंच चालतं. प्रोग्राममध्ये पावलोपावली "असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर" असतं. उत्तर हाती येण्याआधीच प्रोसेसर अंदाज बांधून पुढची कामं रांगेत सोडतो. अंदाज बहुतेकदा बरोबर येतो. चुकला की रांग रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. रांग जितकी लांब, तितकं नुकसान मोठं.

इंटेलच्या पेंटियम ३ मध्ये या रांगेचे साधारण दहा टप्पे होते. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला, त्यात वीस. तो सुरुवातीलाच १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर धावत होता, पण कित्येक रोजच्या कामांत १ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ त्याच्या बरोबरीने चालायचा, कधी पुढेही जायचा. व्हिडिओसारख्या एकसुरी, लांबलचक कामात मात्र नवा चांगला होता, हेही सांगायला हवं. ते इंजिनिअर काही कच्चे नव्हते. दुकानात आकडा विकला जायचा, एवढंच.

स्पर्धक एएमडीची त्यात पंचाईत झाली. त्यांची चिप कमी ठोक्यांत जास्त काम करायची, पण गिऱ्हाईक आकडा बघून पुढे जायचं. मग २००१ मध्ये त्यांनी १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला नावच दिलं '१८००+'. कागदोपत्री ही तुलना त्यांच्याच जुन्या चिपशी होती. बाजाराने काय समजायचं ते समजून घेतलं! त्याच वर्षी अ‍ॅपलने ८६७ मेगाहर्ट्झचा आपला जी४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ व्यासपीठावर शेजारी ठेवून फोटोशॉपमध्ये आपला पुढे असल्याचं दाखवलं. मुद्दा खरा होता, पण परीक्षेचा पेपर अ‍ॅपलनेच काढलेला होता. पुढे २००५ मध्ये याच अ‍ॅपलने इंटेलच्या चिपा घेणार असल्याचं जाहीर केलं.

ठोक्यांच्या शर्यतीला शेवटी आवरलं ते उष्णतेने. २००४ च्या पेंटियम ४ मध्ये टप्पे एकतीसवर गेले आणि ३.८ गिगाहर्ट्झच्या चिपची उष्णता ११५ वॅटच्या हिशेबाने धरावी लागली. ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा नमुना ६५ वॅटचा, आणि त्याने ३.८ वाल्याला मागे टाकलं. रांग आखूड, एका ठोक्यात काम जास्त, शिवाय एकाऐवजी दोन गाभे.

आज दुकानात लॅपटॉपवर ४.५ किंवा ५ असा मोठा आकडा दिसेल. तो थोड्या वेळापुरता गाठायचा कमाल वेग असतो. पातळ लॅपटॉप तापला की खाली येतो. वेगवेगळ्या घराण्यांच्या चिपांची तुलना तर त्यावरून करूच नका. नातवाला काय करायचंय ते आधी विचारा, आणि तेच काम दोन यंत्रांवर किती वेळात होतं, ते बघा. नुसता अभ्यास आणि ऑनलाइन तास असतील, तर मधल्या किमतीचा प्रोसेसर घ्या आणि वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे ना, एवढं पाहून घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा हे घेतानाच बघायचं.