घरचें बाकडें

माहूरच्या गडाभोंवतालचे डोंगर सागाच्या रानानें वेढलेले आहेत. माहूर-किनवटचा हा मुलूख सागवानाविषयीं प्रसिद्ध. पण या रानाच्या पायथ्याच्या गांवांतूनहि आतां ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची दिसते, आणि जुनें घर पाडलें कीं त्याच्या तुळया सरपणाच्या भावानें जातात. अशाच एखाद्या तुळईचें घरच्या घरीं साधें बाकडें कसें करावें, हें, श्रोतेहो, मी आज सांगणार आहें.

प्रथम लाकूड. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांत खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी पुष्कळदां सागाच्या असतात. पन्नास-साठ वर्षें छपराखालीं वाळलेलें हें लाकूड नव्या लाकडासारखें वांकत नाहीं. कापण्यापूर्वीं त्यावरून लोहचुंबक फिरवावा. आंत दडलेला एक खिळा करवतीचे दांत बोथट करण्यास पुरेसा होतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं, परंतु बाहेरच्या फिकट भागाला हा गुण नाहीं. तो तासून टाकावा. नवें लाकूडच घ्यावयाचें असल्यास तें परवान्याचें आहे कीं नाहीं याची खात्री करावी. चोरतोडीच्या सागावर घरची माणसें बसवूं नयेत.

आतां मापें. बसण्याची फळी चार फूट लांब, तेरा इंच रुंद व सवा इंच जाड असावी. पायांसाठीं तेवढ्याच जाडीच्या, बारा इंच रुंदीच्या दोन फळ्या उभ्या लावाव्या. जमिनीपासून उंची सतरा इंच ठेवावी. पाय टोकांपासून सहा इंच आंत घ्यावे. त्याहून फार आंत घेतल्यास टोकाला बसणाराच्या भारानें बाकडें उलटण्याचें भय असतें.

पुष्कळांची समजूत अशी कीं, फळी जितकी जाड तितकें बाकडें मजबूत. वस्तुतः बाकडें वरच्या भारानें क्वचितच मोडतें. तें हेलकाव्यानें सांध्यांत खिळखिळें होतें. हाच नियम मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें जुन्या घरांच्या मजबुतीसाठीं तज्ज्ञांनीं जे उपाय सांगितले, त्यांत खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपा आधार बसविण्याचा उपाय होता. कारण वरचा भार सहज पेलणारा खांब आडव्या हिसक्यासरशी सांध्यांत कलतो. बाकड्याची गोष्ट लहान, पण नियम तोच.

म्हणून दोन्ही पाय एका आडव्या पट्टीनें जोडावे. ही पट्टी चार इंच रुंद असावी व फळीच्या खालीं चार इंचांवर यावी. तिचीं टोकें थोडीं अरुंद करून पायांच्या भोंकांतून अडीच इंच बाहेर काढावीं. बाहेर आलेल्या टोकाला उभें भोंक पाडून त्यांत निमुळती पाचर ठोकावी. या भोंकाचा आंतला कांठ पायाच्या बाहेरच्या अंगापेक्षां किंचित् आंत असावा, म्हणजे पाचर पायाला घट्ट आवळून धरते.

पायांच्या वरच्या कडेला दोन-दोन कुसवें ठेवून तीं बसण्याच्या फळींतील भोंकांत आरपार बसवावीं आणि प्रत्येकाच्या डोक्यांत करवतीनें चीर पाडून पाचर मारावी. ही चीर फळीच्या रेषांना काटकोनांत असावी. समांतर मारलेली पाचर फळीच फाडते. पावसाळ्यांत लाकूड रुंदींत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. लांबींत मात्र जवळजवळ बदलत नाहीं. आपल्या बाकड्यांत फळी व पाय यांची रुंदी एकाच दिशेला असल्यानें तीं मिळून फुगतात, मिळून आकसतात. फळीखालीं आडवी पट्टी खिळ्यांनीं जखडली, तर हा समेट बिघडून फळीला तडा जातो.

पायांच्या खालच्या कडेला मध्यें खाच कापावी, म्हणजे बाकडें चार ठिकाणींच टेकेल. तरीहि डुगडुगल्यास सपाट फरशीवर ठेवून लांब टेकूच तेवढा तासावा. कडा रंध्यानें मोडाव्या, लहान मुलांच्या पोटऱ्यांना त्या लागूं नयेत. शेवटीं जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळूं द्याव्या.

या कामाला करवत, रंधा, पटाशी, गुण्या व हातोडा एवढीं हत्यारें पुरतात. खिळा एकहि लागत नाहीं. आणि देखभाल म्हणाल तर इतकीच: उन्हाळा सरतांना पट्टीच्या दोन्ही पाचरींवर एकेक हलका ठोका द्यावा.