वीरांच्या मुलांचे उच्च शिक्षण आणि प्राथमिक शिक्षक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



विषय महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा आणि श्रोते प्राथमिक शिक्षक, ही जोडी प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. धारातीर्थी पडलेल्या सैनिकाची कन्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेते तेव्हा तिचा पहिलीचा वर्ग बारा वर्षे मागे पडलेला असतो. मग तिच्या शिष्यवृत्तीशी गावच्या गुरुजींचा संबंध कोणता? या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टरमध्ये आहे. अर्ज अठराव्या वर्षी भरला जातो हे खरे. परंतु तो मंजूर व्हावयाचा की अडून राहावयाचा, हे पुष्कळदा सहाव्या वर्षी नाव दाखल करताना ठरून गेलेले असते.

महाराष्ट्रातील कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे पुरविली आहेत. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे हे गाव तर ‘आपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले व त्यांचा स्मृतिलेख गावात आहे. दगडावर नावे कोरून कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत जुनी आहे, आदरणीयही आहे. परंतु ज्याचे नाव दगडावर गेले त्याची लेकरे शाळेत होती, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या दगडाने सुटत नाही. जखमी होऊन परतलेल्या सैनिकाला निर्वाहाचे साधन मिळावे म्हणून १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली व पुढे ती पुण्याजवळ खडकीस स्थिरावली. कमरेखालचे अंग लुळे झालेल्या सैनिकांसाठी खडकीसच १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. सैनिकाविषयीचे राष्ट्राचे ऋण त्याच्या पुनर्वसनाने व त्याच्या अपत्यांच्या शिक्षणाने फेडावे, हा विचार अशा रीतीने हळूहळू रुजत गेला.

इतर देशांतही हाच अनुभव येतो. अमेरिकेत दुसरे महायुद्ध चालू असतानाच, २२ जून १९४४ रोजी, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा संमत झाला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लक्ष माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण अथवा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लक्ष महाविद्यालयांत गेले. युद्धात पिता गमावलेल्या मुलांसाठी तेथे १९५६ साली निराळा कायदा करण्यात आला.

भारतात या बाबतीतील महत्त्वाचा दिवस म्हणजे १८ डिसेंबर १९७१. पश्चिम सीमेवरील तोफा थंडावून एकच दिवस लोटला होता. त्या दिवशी लोकसभेत शैक्षणिक सवलतीची घोषणा झाली. रणांगणावर मारले गेलेले, बेपत्ता झालेले वा कायमचे अपंग झालेले जे सैनिक, त्यांच्या मुलांचे शिक्षणशुल्क, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके, गणवेश यांचा भार शासनाने उचलावा, असे तिचे स्वरूप होते. ही सवलत पुढे १९७१ च्या युद्धापुरती न राहता नंतरच्या मोहिमांतील सैनिकांच्या मुलांनाही लागू झाली. जुलै २०१७ पासून शिक्षणशुल्क व वसतिगृह यांच्या खर्चावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली होती. मार्च २०१८ मध्ये ती उठविण्यात आली. या सवलतीचा लाभ शाळेपासून पदवीपर्यंत मिळतो, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी.

दुसरी योजना केंद्रीय सैनिक बोर्डाच्या शिक्षण अनुदानाची. हवालदार व तत्सम हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांना इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत हे अनुदान मिळू शकते. सैनिकाच्या विधवेस दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही ते मिळते. पूर्वी ते दरमहा १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते दरमहा २,००० रुपये करण्यात आले. यासाठी लागणारा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला शाळाशाळांतून मुले जे छोटे ध्वज देऊन नाणी गोळा करतात, ती नाणी अखेर कोठे पोहोचतात हे त्या मुलांना या निमित्ताने सांगता येईल. कदाचित त्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या वह्यापुस्तकांपर्यंतच ती पोहोचलेली असतील.

तिसरी योजना पंतप्रधान शिष्यवृत्तीची. ती २००६-०७ या वर्षी सुरू झाली. माजी सैनिकांची अपत्ये व विधवा यांच्यासाठी सैनिक बोर्डामार्फत वर्षाकाठी ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात; त्यांत मुली निम्म्या व मुलगे निम्मे. २०१९-२० पासून मुलीला दरमहा ३,००० व मुलाला २,५०० रुपये असा तिचा दर झाला. अभियांत्रिकी, वैद्यक, पशुवैद्यक, औषधनिर्माण, बी.एड. यांसारख्या व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी ती आहे. साध्या कला वा वाणिज्य पदवीला ती लागू नाही. तेथे वर सांगितलेले शिक्षण अनुदान उपयोगी पडते. पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत आणि पुढे दरवर्षी ५० टक्के राखावे लागतात. निवडीत पहिला मान रणांगणावर कामी आलेल्यांच्या कुटुंबीयांना, त्यानंतर रणांगणावर अपंगत्व आलेल्यांच्या अपत्यांना, आणि मग क्रमाने इतरांना दिला जातो.

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलीला मिळणारी ही रक्कम १,४४,००० रुपये होते. कोरडवाहू दोन एकर जमीन आणि निवृत्तिवेतन यांवर ज्या घराचा चरितार्थ चालतो, त्या घरात मुलीने पुढे शिकावे की तिचे लग्न उरकून टाकावे, या वादाचा निकाल एवढ्या रकमेने फिरू शकतो.

आता ही रक्कम अडते कोठे ते पाहू. जवानाला मूल झाले की त्याची वर्दी तो आपल्या पलटणीस देतो व पार्ट टू ऑर्डरद्वारे ती नोंद होते. नाव लिहिणारा कारकून परप्रांतीय असतो. कळविणारा जवान घरातील लाडके नाव सांगतो. जन्मतारीख पत्रातून आलेली किंवा अंदाजाची असते. इकडे गावी आजोबा नातवाला शाळेत घेऊन येतात आणि आपल्या आठवणीने निराळीच तारीख सांगतात. समजा, लष्करी नोंदीत ‘दत्ता’ आहे व शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’. किंवा एकीकडे आईचे माहेरचे नाव व दुसरीकडे सासरचे. बारा वर्षे ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. बारावीचा निकाल लागतो, अर्जाची मुदत चालू होते, आणि दोन कागदांतील मूल एकच आहे हे सिद्ध करण्याची पाळी विधवा मातेवर येते. ती शाळेकडून तहसील कचेरीकडे व तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालते. तेवढ्यात मुदत संपते. मुलाचे गुण कमी पडलेले नसतात आणि योजनेतही दोष नसतो. एका अक्षराने घात केलेला असतो.

म्हणून शिक्षकाचे पहिले कर्तव्य असे की, सैनिकाचे अपत्य दाखल करून घेताना जन्मनोंदीचा दाखला व सैनिकाच्या सेवापुस्तकातील अथवा डिस्चार्ज बुकातील नोंद ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावी. तफावत आढळल्यास पालकास तेव्हाच सांगावे. शाळेची नोंद मात्र अस्सल जन्मदाखल्याप्रमाणेच करावी; लष्करी कागदाशी जुळावी म्हणून तारीख बदलून लिहिण्याचा मोह कितीही सद्‌हेतूने झाला तरी टाळावा. चूक लष्करी नोंदीत असेल तर ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडून दुरुस्त करून घेता येते. सैनिक हयात व सेवेत असताना हे काम सोपे असते. त्याच्या पश्चात तेच अवघड होऊन बसते.

दुसरे कर्तव्य माहिती पोहोचविण्याचे. या सवलती केवळ हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. हुतात्म्याला गाव निदान वर्षातून एकदा हार घालते. एक पाय गमावून परतलेला सैनिक मात्र काही वर्षांत गावच्या पारावर बसणाऱ्यांपैकी एक होऊन जातो आणि त्याच्या मुलांना काही हक्क आहेत हे त्यालाही ठाऊक नसते. अशा घरी शिक्षकाने स्वतः जावे. विधवेला सांगावे की पंतप्रधान शिष्यवृत्ती तिच्या मुलांना आहे, तशी तिलाही आहे. लग्नामुळे जिचे शिक्षण तुटले अशा तरुण विधवेने बारावी पूर्ण करून पुढील व्यावसायिक शिक्षण घेतले, तर त्या घराला नवा आधार मिळेल. ज्यांचे पालक सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दल यांत होते त्यांचा अर्ज सैनिक बोर्डाकडे जात नाही. त्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती गृहमंत्रालयामार्फत आहे. हा भेद वेळीच सांगितल्यास चुकीच्या दारी खेटे घालणे वाचते. तसेच सध्या सेवेत असलेल्या सैनिकाची मुले या शिष्यवृत्तीस पात्र नाहीत, हेही स्पष्ट सांगावे म्हणजे खोटी आशा निर्माण होणार नाही. एका योजनेचा लाभ घेताना दुसरीचा घेता येतो किंवा कसे, हे अर्जापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावयास लावावे.

तिसरे कर्तव्य खऱ्या अर्थाने शिक्षकाचे आहे. साठ टक्क्यांची अट बारावीत आहे. परंतु तिसरीत ज्याला वजाबाकी आली नाही, त्याला बारावीतील गणित कोण शिकविणार? सैनिकांच्या मुलांच्या शाळा वारंवार बदलतात. अंबाला, जबलपूर, जोधपूर अशा छावण्यांतून हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकलेले मूल वडिलांच्या निधनानंतर एकाएकी मराठी शाळेत येऊन बसते. त्याला जोडाक्षरे येत नाहीत म्हणून ते मंदबुद्धीचे ठरू नये. दाखला यावयास उशीर लागला तरी त्याला त्याच दिवशी वर्गात बसू द्यावे. आणि पहिले सहा महिने दररोज थोडा वेळ त्याच्या वाचनास द्यावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. प्रजासत्ताकदिनी हुतात्म्याच्या मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या पित्याच्या मृत्यूचे वर्णन करण्याची हौस काही ठिकाणी दिसते. त्या मुलाला काय वाटत असेल याचा विचार आधी करावा. आईची व मुलाची इच्छा असेल तरच हा सन्मान करावा. वर्गात त्याला इतर मुलांसारखेच वागवावे. त्याची दया करू नये व त्याला शिस्तीतून सूटही देऊ नये.

प्राथमिक शिक्षकाच्या शिरावर आधीच कामांचा बोजा थोडा नाही, त्यात हे आणखी कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अर्ज भरणे, पात्रता ठरविणे, कागद प्रमाणित करणे ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची कामे आहेत. ती शिक्षकाने अंगावर घेऊ नयेत. त्याने जूनमध्ये शाळा उघडताच गावातील सैनिक, माजी सैनिक, अपंग सैनिक व वीरपत्नी यांच्या घरच्या मुलांची एक यादी करावी, नोंदी एकदा ताडून पाहाव्यात, आणि जिल्हा कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. बोनाफाइड दाखला अथवा उतारा मागावयास अशा घरचे कोणी आले, तर तो त्याच दिवशी द्यावा. बहुतेक गावांत ही यादी पाच-दहा नावांपलीकडे जाणार नाही आणि तिला एका दुपारहून अधिक वेळ लागणार नाही.

मुख्याध्यापकांनी ही यादी येत्या शाळाप्रवेशाच्या वेळी तयार करून तिची एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी. म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी ती माहिती त्याच्याबरोबर जाणार नाही, आणि पुढे येणाऱ्या शिक्षकाला आपल्या वर्गातील कोणत्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे हे पहिल्याच दिवशी कळेल.