प्रवेश मिळाला, पुढे काय?



कॉलेजे उघडली की बदलापूर आणि अंबरनाथच्या फलाटांवर नवी तोंडे दिसू लागतात. कुणी उल्हासनगरच्या कॉलेजात निघालेला, कुणी कल्याणला, कुणी थेट मुंबईला. त्यांत काही मुले अशी असतात, की घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी तीच पहिली. नाव यादीत लागले, फी भरली, की आपण म्हणतो, चला, पोरगे मार्गी लागले. ते खरोखर लागले का, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी जरा लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना दार बंद होते. जेम्स मेरेडिथ हा तरुण कोर्टात भांडला आणि जिंकला. 1962 साली त्याला आत नेण्यासाठी सरकारला फौज पाठवावी लागली. दंगल झाली, दोन माणसे प्राणाला मुकली. पण गोष्ट इथे संपत नाही. मेरेडिथ खानावळीत बसला, की आसपासची मुले पाठ फिरवीत. वसतिगृहात त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर रात्री-अपरात्री चेंडू आपटीत, झोप लागू देत नसत. कोर्टाने वर्ग उघडून दिला. पंगत उघडून देणे कोर्टाच्या हाती नव्हते.

‘पंगत’ म्हटल्यावर आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडच्या शहाण्यांनी हे साम्य फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. डॉ. आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. परतल्यावर त्याच बडोद्यात नोकरीला लागले, तर एवढ्या शिकल्या माणसाला राहायला खोली मिळेना! आणि 1927 साली, महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, आपल्या बदलापूरकरांनी त्यांना शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष केले. बडोदे आणि बदलापूर, दोन्ही आपलीच माणसे. तेव्हा मनात आणले तर जमते, होय ना?

आता म्हणाल, ही जुनी कहाणी झाली. तशी ती नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी पुढचे वैद्यकीय शिक्षण घेत होती. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मे 2019 मध्ये तिने आपले जीवन संपविले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. निकाल देणे न्यायालयाचे काम, आपले नव्हे. पण एक पाहा: प्रवेश तिला मिळालेला होता.

पुण्यात आफ्रिकेतूनही मुले शिकायला येतात. त्यांच्याकडे बघून आपली चांगल्या घरची पोरे ‘हबशी’ म्हणून हसतात. त्यांना सांगा, मलिक अंबर हबशीच होता, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने 1610 साली खडकी वसविली, तेच पुढे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच शहरात बाबासाहेबांच्या संस्थेने 1950 साली कॉलेज काढले; मिलिंद महाविद्यालय म्हणतात ते. मराठवाड्यातली किती घरे तिथून उजेडात आली!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या हातात पुष्कळ आहे. भर वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे म्हणू नका. अर्ज आता संगणकावर भरले जातात, तेव्हा चौकशीही एकेकाला बाजूला बोलावून करता येते. पहिल्या दिवशी नाव विचारले, की आडनावापाशी थबकून ‘म्हणजे कोण?’ हा प्रश्न नको. मुलाला तो बरोबर कळतो. भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी प्रत्येक संस्थेत असावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 सालीच केला होता. तुमच्या कॉलेजात तो कोण, हे मुलांनाच विचारून बघा. उत्तर आले नाही, तर त्याचे नाव आणि बसण्याची खोली फळ्यावर लिहून द्या.

उल्हासनगर हे तर फाळणीत घरदार गमावलेल्यांनी लष्करी छावणीच्या बराकींतून उभे केलेले गाव. नव्या जागी परके वाटणे म्हणजे काय, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तकात वाचावे लागत नाही. त्यांना एखाद दिवस वर्गावर बोलवा, बोलते करा.

आणि डबा खायच्या सुट्टीत वर्गावरून एक फेरी मारा. कोण कुणाच्या डब्यातले खातो, कोण रोज एकटाच खिडकीशी बसतो, हे हजेरीपटात दिसत नाही. ही फेरी पहिल्या महिन्यातच मारलेली बरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकांवरच्या जागा ठरून गेलेल्या असतात.