हेलिकॉप्टरातील सहल आणि वजनकाटा

श्रोतेहो, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोराडो नदीने खडक कोरून एक अजस्र दरी तयार केली आहे. ग्रँड कॅन्यन हे तिचे नाव. लांबी सुमारे ४४६ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. ही दरी प्रवाशांना हेलिकॉप्टरातून दाखविणे हा तेथील काही कंपन्यांचा व्यवसाय आहे.

अशा कंपनीत प्रवाशाचे पहिले स्वागत होते ते वजनकाट्यावर! काहींना ते अपमानास्पद वाटते. परंतु दक्षिण काठाजवळचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंच आहे. तेथील हवा आधीच विरळ. उन्हाने तापली की ती अधिकच विरळ होते. मग फिरत्या पात्यांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणून कोणी कोठे बसावे, हे प्रवाशाच्या हौसेवर ठरत नाही. यंत्राचा तोल राखण्यासाठी ते वजन पाहूनच ठरवावे लागते.

हा झाला यंत्राचा नियम. आकाशातील वाटांचे नियम मात्र माणसाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. १८ जून १९८६ रोजी याच दरीवर सहलीचे एक विमान आणि एक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. दोहोंतील पंचवीसही माणसे दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत दरीच्या काठाखाली उडण्यास मनाई करण्यात आली. मार्ग आणि उंची नेमून देण्यात आली. काही भागांवर तर सहलीची उड्डाणेच बंद झाली. दरीतील नैसर्गिक शांतता परत मिळावी, हाही त्या कायद्याचा हेतू होता. पायी उतरणाऱ्या वाटसरूचाही त्या दरीवर हक्क आहेच ना?

आपल्याकडे केदारनाथचे यात्रेकरू हेलिकॉप्टराने जातात. ते स्थान साडेतीन हजार मीटरांहून उंच. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ अशाच एका हेलिकॉप्टराला अपघात होऊन सात जणांचा अंत झाला.

तेव्हा श्रोतेहो, हवा बिघडल्यामुळे कधी उड्डाण रद्द झाले, तर खिडकीवरील माणसावर रागावू नका. तिकिटाचे पैसे परत मिळू शकतात. आपण सुखरूप असलो, तर ती दरी आणि ते देऊळ पुन्हा कधीतरी पाहता येईल.