चूल, कचेरी आणि कुटुंब

स्त्रीमुक्तीच्या चळवळीने कुटुंबे मोडली, हा आक्षेप पुरोगामी कार्यकर्त्यांच्याही तोंडी अधूनमधून येतो. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याचे कौतुक सर्वांनी केले. तेच लाटणे घरात कोणी हाती घ्यायचे, हा प्रश्न मात्र पुष्कळांना अडचणीचा वाटतो.

चळवळीच्या दबावाचे फळ उघड आहे. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम आले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये दिला. जी शांतता बाईने मार खाऊन टिकवायची, ती भंगली म्हणून हळहळण्याचे कारण काय?

तोटा झाला तो निराळाच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात; असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, आणि असे पुरुष मुळात थोडे. बाई कचेरीत गेली, चूल तिच्याच वाट्याला राहिली. सुशिक्षित मध्यमवर्गाने ही कोंडी मोलकरणीच्या स्वस्त श्रमावर फोडली. मोलकरणीची चूल कोण पेटवते, हे विचारायला शहरी स्त्रीवादालाही उशीरच झाला.

पक्षाच्या बैठका रात्री आठला भरतात, म्हणजे नेमक्या भगिनी भाकऱ्या थापत असतात तेव्हा. वेळ तरी बदलावी, नाहीतर भाकऱ्या बंधूंनी थापाव्यात.